तलंगांची मऊ, बिनकवचाची अंडी, आणि एक तलंग अडून बसलीय. काय करावं?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. परसात 20 तलंगा (पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या कोवळ्या कोंबड्या) आहेत, 14 ग्रामप्रिया आणि 6 गावरान. सगळ्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालेल्या, म्हणजे आता साडेपाच महिन्यांच्या. ग्रामप्रियातल्या निम्म्याच्या वर अंड्यावर आल्यात, गावरान एकही नाही.

सकाळी खुराडं उघडलं की बसायच्या दांडीखाली रोज दोन-तीन अंडी कातडीसारखी मऊ पडलेली असतात, काही फुटलेली. चांगल्या अंड्यांचं कवचही पातळ आहे, पाटीत ठेवताना चिरतं. काहींवर रक्ताची रेघ असते. काल दुपारपासून एक तलंग शेपूट खाली पाडून उभी आहे, सारखी कुंथते, दाण्याला तोंड लावत नाही.

खायला सकाळ-संध्याकाळ ज्वारी, सोबत घरच्या सोयाबीनचा कच्चा भरडा आणि मूठभर सरकी पेंड. दिवसभर बाहेर चरतात. पाणी बोअरचं, थोडं मचूळ आहे. खुराडं पत्र्याचं, 8 बाय 10 फूट. गावात सांगतात की पाण्यात खायचा चुना टाका, सगळं नीट होतं. टाकू का? की काही रोग आलाय?

उदगीर_कुक्कुट

ताई, आधी ती अडलेली तलंग हातात घ्या, बाकीचं सगळं नंतर. काल दुपारपासून म्हणजे आता उशीर करण्यासारखं नाही.

आधी अंडं खरंच आहे का ते तपासा. नखं कापा, हात साबणाने धुवा, तर्जनीला खोबरेल तेल लावा आणि बोट गुदद्वारातून हलकेच आत, थोडं कोंबडीच्या डाव्या अंगाला न्या. अंड्याची वाट डाव्या बाजूलाच असते. बोटाचं दुसरं पेर आत जायच्या आधी कडक, गुळगुळीत गोल लागलं तर अंडं अडलंय. मऊ पिशवीसारखं लागलं तर बिनकवचाचं अंडं आहे. ते जास्त त्रासाचं, कारण अंडनलिकेच्या स्नायूंना धरून ढकलायला कडक काही मिळत नाही. काहीच लागलं नाही आणि पोट पाणी भरल्यासारखं लिबलिबीत असेल तर बलक पोटात पडून आत सूज आलेली असू शकते. मग पुढचे उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

अंडं लागलं तर एका टबात कोमट पाणी घ्या, 38 ते 40 अंश. थर्मामीटर नसेल तर हाताचं कोपर बुडवून बघा, ऊन लागावं पण चटका बसू नये. कोंबडीचं अंगच 41 अंशांच्या आसपास असतं, त्याहून गरम पाणी नको. टब सावलीत ठेवा, दुपारचं हे करू नका. पोट बुडेल इतक्या पाण्यात तिला 15 ते 20 मिनिटं धरून बसवा. पंख धरून ठेवा, पण छातीवर दाब देऊ नका. कोंबडी छाती हलवूनच श्वास घेते, छाती आवळली की ती गुदमरते. बाहेर काढून पुसा, गुदद्वाराच्या आत-बाहेर तेल लावा, पशुवैद्यकीय दुकानात मिळणारं व्हिटॅमिन डी 3 असलेलं पातळ कॅल्शियम 1 मिली चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडा. एकदम ओतलं तर श्वासनळीत जातं. मग तिला डालग्याखाली, अंधारात, शांत जागी भुसकटावर एक तास एकटी राहू द्या. कुत्रं, पोरं, बाकीच्या कोंबड्या, कुणीच जवळ नको.

तासाभरात अंडं आलं नाही तर पुन्हा एकदा हेच करा. दुसऱ्यांदाही नाही आलं तर दवाखाना. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि वाट मोकळी आहे याची खात्री करून गरजेप्रमाणे गर्भाशय आकुंचनाचं औषध देतात. ते घरी कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका. वाट बंद असताना दिलं तर अंडनलिका फाटते. पोट दाबून अंडं काढणं आणि आतल्या आत फोडणं, ही दोन कामं अजिबात करायची नाहीत. कवचाच्या कपच्या आतली कातडी कापतात आणि कोंबडी दोन-तीन दिवसांत सुजून मरते.

आता कारण. मऊ अंडं आणि अडलेलं अंडं हे बऱ्याचदा एकाच मुळाचे दोन फांटे असतात. कवचाला कॅल्शियम लागतं तसंच अंडं ढकलणाऱ्या स्नायूलाही लागतं. रक्तात कमी पडलं की कवच होत नाही आणि कळही येत नाही. तुमच्या खाद्यात ते कुठेच दिसत नाही.

रक्ताच्या रेघेची काळजी करू नका. पहिल्या अंड्यांना वाट ताणली जाते, तिथली बारीक केशवाहिनी फुटते. दोन-तीन आठवड्यांत थांबतं. कपभर रक्त नाही, रेघच आहे ना, एवढं बघा.

गेवराई शिवार

उदगीरच्या भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. रोग शोधण्याआधी खाद्य बघा.

एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ते सव्वादोन ग्रॅम निव्वळ कॅल्शियम असतं. कोंबडीचं आतडं पोटात आलेल्यातलं निम्म्याच्या आसपासच शोषतं. म्हणजे रोज अंडं देणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला 4 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम गेलं पाहिजे. आता तुमची ज्वारी घ्या. 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम एका ग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याइतकंही नसतं. सोयाबीन, सरकी, मका, बाजरी, कशातच कामापुरतं नाही. चरताना किडे, गोगलगायी, चुनखडीचे खडे मिळतात म्हणून वर्षाला 60-70 अंडी देणाऱ्या गावरानचं त्यावर भागतं. ग्रामप्रिया ही जास्त अंड्यांसाठी तयार केलेली जात आहे, परसातही दीडशेच्या पुढे जाते. तिचं भागत नाही.

आणि तलंगेचा प्रश्न जुन्या कोंबडीपेक्षा वेगळा आहे. पहिल्या अंड्याच्या आधी दोनेक आठवडे तिच्या पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक खास साठा तयार होतो. रात्री आतडं रिकामं झालं की कवचासाठी या साठ्यातून उचल होते. ज्या तलंगेला तो साठा भरायलाच मिळाला नाही ती पहिली काही अंडी अंगच्या हाडातून देते, मग कवच पातळ, मग बिनकवच, आणि शेवटी पाय धरते. चालताना लंगडणारी किंवा बसून राहणारी एखादी दिसली तर तिला लगेच वेगळी काढा.

अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले जवळजवळ 20 तास एकट्या कवचाचे. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. म्हणून कॅल्शियम संध्याकाळी द्यायचं आणि ते भरड द्यायचं, ज्वारीच्या दाण्याएवढं, 2 ते 4 मिलिमीटर. भरड तुकडे पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत) रात्रभर राहतात आणि हळूहळू विरघळतात. पीठ दिलं तर दिवे लागणीलाच निघून जातं. शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची चुरी, पोल्ट्री खाद्याच्या दुकानात दोन्ही मिळतात. अंड्याची टरफलंही चालतात, पण तव्यावर खरपूस भाजून आणि बारीक चुरून. अर्धवट टरफल ओळखू आलं की कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात.

एक वेगळं भांडं भिंतीला टांगून त्यात चुरा कायम भरलेला ठेवा. जिला लागतं ती खाते, जिला नाही ती खात नाही. त्यांना ते कळतं. खाद्यात सरसकट मिसळण्यापेक्षा तुमच्या कळपाला हेच बरं, कारण अंड्यावर न आलेल्या गावरान, कोंबडे आणि लहान पिल्लं एकाच खुराड्यात असतील तर त्यांना जास्त कॅल्शियम मुत्रपिंडाला बाधतं. चार महिन्यांच्या आतल्या पिलांना अंड्यावरचं खाद्य कधीच देऊ नये.

फक्त अंड्यावरच्या कोंबड्या वेगळ्या करता आल्या तर 10 किलो खाद्य असं करा: मका भरडा 5 किलो, ज्वारी 1 किलो, सोयाबीनची पेंड (तेल काढलेली, कारखान्याची) 2 किलो 200 ग्रॅम, गव्हाचा कोंडा 700 ग्रॅम, चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा 900 ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण 170 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. यात प्रथिनं 16 टक्क्यांच्या वर आणि कॅल्शियम पावणेचार टक्क्यांच्या आसपास बसतं. सोबत जीवनसत्त्वांची पावडर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. खनिज मिश्रण गोठ्यातलं गाई-म्हशींचं वापरू नका, कोंबडीला मँगनीज जास्त लागतं आणि ते नसलं तरी कवच कच्चं राहतं. एका कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम, बाहेर चांगलं चरत असतील तर 70-80 ग्रॅम पुरतं.

तुमच्या खाद्यातल्या दोन गोष्टी आजच बंद करा. एक, कच्चं सोयाबीन. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. घरचंच द्यायचं तर अर्धा तास उकळून वाळवा किंवा फुटाण्यासारखं खरपूस भाजा, मग भरडा. तेल जास्त असतं म्हणून एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन असल्यामुळे ही चूक लातूरपासून हिंगोलीपर्यंत सगळीकडे होते, आणि कोंबड्या वाळल्या की दोष जंतांवर जातो.

दुसरी, सरकी पेंड. म्हशीला ती चालते, कारण तिच्या पोटातले जंतू त्यातलं विष निष्प्रभ करतात. कोंबडीत तसं होत नाही. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे चार-सहा दिवस ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो, सरकीच्या तेलातल्या दुसऱ्या घटकामुळे पांढरं गुलाबी पडतं, आणि पेंड जास्त गेली की अंडीही घटतात. गिऱ्हाईक असं अंडं फोडलं की परत तुमच्या दारात येत नाही.

हदगाव_परसबाग

चुन्याबद्दल तेवढं सांगतो. खायचा चुना पाण्यात टाकायचा नाही. चुना पाण्यात फार कमी विरघळतो. वरची निवळी एक लिटर घेतली तर त्यात जेमतेम 0.9 ग्रॅम कॅल्शियम येतं. कोंबडी पाव लिटर प्याली तरी पोटात गेलं 0.2 ग्रॅम, लागतं 4. तेवढ्यासाठी पाणी इतकं तिखट होतं की कोंबड्या ते टाळतात, आणि पाणी तुटलं की अंडं आधी तुटतं. खाली बसलेला चुना हलून चोचीत गेला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. चुना भिंतींना द्या, पत्र्यावर द्या, भुसकट पालटताना जमिनीवर शिंपडा. पोटात नको.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. तलंग दुसऱ्या शेकानंतर मोकळी झाली, अंडं मोठं आणि कवच खरखरीत होतं. मात्र त्यानंतर गुदद्वारातून लिंबाएवढं लाल मांस बाहेर दिसलं, थोड्या वेळाने आत गेलं, परत येतंय. शिंपल्याचा चुरा आणला, कच्चं सोयाबीन आणि सरकी बंद.

आणखी दोन गोष्टी. अंडी वाढावीत म्हणून महिन्यापासून रात्री 11 पर्यंत बल्ब चालू ठेवते, ते बरोबर आहे का? आणि गावरान सहापैकी एकही अंडं का देत नाही?

औसा_शेतशिवार

ताई, बल्ब आज संध्याकाळपासून बंद करा. तुमच्या तलंगेचं मांस बाहेर येण्यात त्या बल्बचा हात असू शकतो.

कोंबडी अंड्यावर येते ती वय, वजन आणि उजेड या तिन्हींवर. डोळ्यांतून आणि कवटीच्या हाडातूनही उजेड मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथून अंडाशयाला हुकूम सुटतो. अंग भरायच्या आधी उजेड वाढवला की हुकूम वेळेआधी सुटतो. कंबरेची हाडं अजून फाकलेली नसतात, चरबीही नको तिथे असते, आणि त्यात दोन बलकांचं मोठं अंडं आलं की अडतं, नाहीतर वाटेचं आतलं अस्तर अंड्याबरोबर उलटून बाहेर येतं. मार्चच्या मध्याला आपल्याकडे दिवस 12 तासांचा असतो आणि जूनपर्यंत वाढत 13 तासांच्या वर जातो. वाढत्या दिवसात तलंगेला बल्बची गरजच नाही, निसर्ग हे काम आपोआप करतो.

बल्ब लागतो तो ऑक्टोबर ते जानेवारीत. डिसेंबरात दिवस 11 तासांवर येतो आणि तेव्हा वयात आलेल्या तलंगा रेंगाळतात. तेव्हाही पाच महिने पूर्ण झाल्यावर, अंग भरलंय हे हाताला कळल्यावर, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण 14-15 तासांपर्यंत न्यायचं. तुमच्या खुराड्याला 9 वॉटचा एक पिवळसर एलईडी पुरे. आणि वाढवायचं ते पहाटे, रात्री नाही. रात्री अचानक लाईट गेली की कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात सापडतात, एकमेकींवर पडतात, आणि पोटात कवच अर्धवट झालेलं अंडं तिथेच चिरतं. कवचावर गोल पट्टा उठलेली अंडी दिसतात ती बऱ्याचदा अशी पोटात चिरून पुन्हा सांधलेली असतात. एकदा सुरू केलेला उजेड मध्येच तोडायचा नाही, नाहीतर पिसं गळून अंडी थांबतात. तुमचा मात्र आता वरचा सगळा उजेड चुकीचा आहे, म्हणून तो काढणंच बरं. आठ-पंधरा दिवस अंडी थोडी कमी होतील, होऊ द्या.

आता त्या तलंगेचं. तिला लगेच वेगळी करा. लाल मांस दिसलं की बाकीच्या चोची मारतात आणि आतडं ओढून काढतात, हे काही मिनिटांत होतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड ते दोन चहाचे चमचे मीठ घालून तो भाग धुवा, चिकटलेली विष्ठा ओल्या कापसाने सोडवा. बारीक साखरेचा घट्ट लेप त्यावर 10-15 मिनिटं ठेवा. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते आणि मांस आक्रसतं. पुन्हा धुवा, खोबरेल तेल लावा आणि बोटाच्या गराने, नख न लावता, मधोमध हलका दाब देत आत सारा. आत गेल्यावर मिनिटभर बोट तसंच टेकवून ठेवा.

मग पुढची पाच-सहा दिवसं अंडं थांबवायचं, कारण उद्याच्या अंड्याबरोबर ते पुन्हा बाहेर येणार. त्यासाठी डालगं जाड पोत्याने झाका, दिवसातून आठ तासच उजेड द्या, दाणा निम्म्यावर आणा. पाणी मात्र कधीच तोडू नका. मांस काळं पडलं, दुर्गंधी आली किंवा दोन-तीनदा आत सारूनही येतच राहिलं तर ती कोंबडी अंड्यांसाठी ठेवू नका. असला दोष पुन्हा पुन्हा येतो, आणि तिची अंडी उबवायला रवणाखाली (खुडूक कोंबडीखाली) घालण्यातही अर्थ नाही.

गावरान मागे नाहीत, त्या वेळेवर आहेत. आपली गावरान सहा ते सात महिन्यांनी अंड्यावर येते. कुठली जवळ आली ते असं बघा: तुरा आणि गालाखालची लोंबी लालभडक आणि मऊ झाली का, पाठीवर हात ठेवला की ती पंख थोडे फाकवून खाली बसते का. मग गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना जी टोकदार हाडं लागतात त्यांच्यात बोटं आडवी ठेवा. एकच बोट मावलं तर अजून महिनाभर तरी थांबा. दोन बोटं मावली, हाडं लवचिक लागली आणि गुदद्वार आखूड गोल न राहता ओलसर, आडवं झालं असेल तर आठ-दहा दिवसांत अंडं. आणि ही सगळी लक्षणं असून अंडं दिसत नसेल, तर ती बाहेर घालतेय. कडब्याच्या गंजीच्या पायथ्याला, तुराट्यांच्या ढिगात, गव्हाणीमागे शोधा.

हदगाव_परसबाग

बाहेर घालण्यावर एकच उपाय चालतो. आठवडाभर सकाळी 11 पर्यंत खुराडं उघडू नका. बहुतेक अंडी सकाळच्याच प्रहरात येतात. आत 4-5 कोंबड्यांमागे एक पेटी, लांबी-रुंदी-उंची एकेक फूट, जमिनीपासून दीड फुटाच्या आत, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. तेलाचा 15 किलोचा डबा आडवा करून ठेवतात, गावरानला तो चालतो, ग्रामप्रियाला अपुरा पडतो. वापरायचाच तर कापलेली कड आत दुमडून ठोकून घ्या. आत चार बोटं भुईमुगाची टरफलं किंवा गव्हाचं भुसकट, आणि एक खोटं लाकडी अंडं. बसायची दांडी पेटीपेक्षा उंच हवी, नाहीतर त्या पेटीतच झोपतात आणि घाण करतात.

तुम्हाला मऊ अंडी दांडीखाली सापडतात म्हणालात. ती रात्री झोपेतच सुटतात, पेटीपर्यंत जायची कळ येतच नाही. ती फुटायच्या आत उचला. सकाळी पहिली फेरी, मग 10 ला, मग दुपारी. एकदा का कोंबडीला मऊ अंड्याची चव लागली की ती पुढे चांगलीही फोडते.

गेवराई शिवार

उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून पत्र्याचं बोलू या. आज 38 अंश आहे, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 42-43 होणार आणि पत्र्याखाली त्याच्याही वर. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवचातला कार्बोनेट त्यातूनच बनतो. त्यामुळे चुरा पोटभर खाल्लेल्या कोंबडीचंही कवच मे महिन्यात पातळ पडतं. वरून खाणंही कमी होतं.

पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या आणि त्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा वीतभर थर बांधा. पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट सोडा, पण खालचा फूटभर भाग उघडा ठेवा, नाहीतर आत दमट कोंडतं आणि धापेचा काही उपयोग होत नाही. दाणा सकाळी 8 च्या आत आणि संध्याकाळी 5 नंतर. दुपारी पोटात दाणा असला की पचनाची उष्णता अंगात वाढते.

पाणी एरवी कोंबडीमागे पाव लिटर, उन्हाळ्यात अर्ध्या लिटरपर्यंत धरा. 20 कोंबड्यांना दिवसाला 10 लिटर, सावलीतल्या मातीच्या परळात, दोन-तीनदा बदललेलं. तुमचं बोअर मचूळ आहे ही गोष्ट हलकी घेऊ नका. पाण्यातलं मीठ वाढलं की कवच बनण्यातच अडथळा येतो, आणि तो नंतर चुरा देऊनही पुरता भरून निघत नाही. नळाचं किंवा विहिरीचं गोडं पाणी असेल तर निदान कोंबड्यांना तेच द्या. खारट पाणी असेल तर खाद्यातलं मीठ निम्मं करा. उन्हाळ्यात क्षारांची पावडर देताना तिचंही मीठ हिशेबात धरा, दुपारच्या एकाच पाण्यात द्या, दिवसभर नाही.

उदगीर_कुक्कुट

रोग आलाय का, हा तुमचा मूळ प्रश्न राहिला होता. तुम्ही लिहिलंय त्यात रोगाची खूण दिसत नाही. कोंबड्या खातात, चरतात, मऊ अंडी ठरावीक दोन-तीनच आहेत. शिंपला सुरू केल्यापासून आठवडाभरात फरक दिसायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत कवच बसतं. तीन आठवड्यांनीही मऊ अंडी येतच राहिली तर पुढचं तपासा.

रात्री 9-10 वाजता बॅटरी घेऊन खुराड्यात जा आणि दांडीची टोकं, फळ्यांच्या फटी, भिंतीच्या भेगा बघा. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून दिवसा कोंबडी हातात घेतली तरी सापडत नाही. तुरे फिके, अंडी कमी, तलंगा दांडीवर बसायला नकार देतात, ही तिची खूण. उपाशी ती महिनोन्महिने जगते. फटी ज्योतीने भाजा (कोंबड्या आणि भुसकट बाहेर काढून), मग चिखल-चुन्याने लिंपा. औषध मारायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

जंताचं औषध खरं तर अंड्यावर यायच्या आधी, चौथ्या महिन्यात द्यायचं असतं. राहिलं असेल तर विष्ठा तपासून द्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली का तेही तुम्ही लिहिलं नाही. आठ-दहा आठवड्यांच्या वयात पंखाखाली टोचतात ती आर-टू-बी लस राहून गेली असेल तर आता अंड्यावरच्या कोंबड्यांना टोचू नका, अंडी एकदम पडतात. लासोटा ही मानमोडीचीच दुसरी लस पाण्यातून देता येते, दवाखान्यात विचारा. लसीच्या पाण्यात क्लोरीन चालत नाही, त्यामुळे नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा.

रोग समजून धावपळ कधी करायची तेही सांगतो. सगळ्या कळपाची अंडी दोन-तीन दिवसांत एकदम निम्म्यावर आली, कवचावर सुरकुत्या पडल्या किंवा अंडी वेडीवाकडी झाली, तपकिरी अंडी अचानक पांढरट पडली, घशात घरघर, हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी, यातलं काहीही दिसलं तर मग शिंपल्याची वाट बघायची नाही. मानमोडी, संसर्गजन्य ब्राँकायटिस, अंडी घटीचा विषाणू, हे घरी ओळखता येत नाहीत. 1962 या क्रमांकावर फोन केला की पशुसंवर्धनचं फिरतं पथक मिळतं. एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर मेलेल्यांना हात लावू नका, विकू नका, नदी-नाल्यात टाकू नका, लगेच कळवा. जानेवारी 2021 मध्ये तुमच्याच परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे आपल्या भागात हे नवीन नाही.

एवढ्या लक्षणांशिवाय प्रतिजैविक मात्र पाण्यात टाकू नका. दुकानदार मऊ अंड्यावरही देतात. त्याने कवच येत नाही, औषध अंड्यात उतरतं आणि ती अंडी घरातली पोरं खातात.

पूर्णाकाठ (परभणी)

बल्ब काढला. तलंगेचं मांस साखरेच्या लेपानंतर आत बसलं, डालग्याखाली आहे, पाणी पितेय. लासोटा एकदाच झाली होती, उद्या दवाखान्यात जाते. शिंपल्याचा चुरा दुकानात पिठासारखाच मिळाला, भरड नव्हता. तो चालेल का?

गेवराई शिवार

नसल्यापेक्षा बरा, पण तेवढ्यावर राहू नका. संध्याकाळी ज्वारीचा भरडा थोडा ओला करून त्यात कोंबडीमागे 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, असं चोळून द्या. फक्त अंड्यावरच्यांना, आणि ओलं उरलं तर अर्ध्या तासात उचला, या दिवसांत ते लगेच आंबतं. भरड चुरीसाठी लेयर फार्मला खाद्य देणाऱ्या दुकानात ‘ग्रिट’ म्हणून मागा. चाळणीतून बघून घ्या, सगळी खाली गळत असेल तर घेऊ नका.